टोपी आधी की शिट्टी

"आणि आजी, मलाही सांगायचे नाहीत हं," असं प्रज्ञा म्हणाली आणि माझ्या हातातली तुरीची शेंग सोलायची तशीच राहिली. सख्खी नात माझी. तिला पहिलं न्हाऊ मी घातलं, तिचा पहिला दात हिरडीत आला तो माझ्या बोटानं ओळखला, तिच्या आईच्याही आधी. आणि ती पोरगी आता माझ्या हातात फोन देऊन सांगते की यातलं काही मला कळू देऊ नकोस. काचेवर बारा शब्द होते. एकाखाली एक, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे. मी चष्मा लावेपर्यंत ही बाई भिंतीकडे तोंड करून उभी. खरंच, भिंतीकडे. "वाच, पाठ कर, झालं की हाक मार. मग मी वळते." मी शब्दांकडे बघायचं सोडून तिच्या पाठीकडेच बघत बसले. पाठ फिरवणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. लहानपणी यावलला दुसऱ्यांच्या विहिरीवर आमच्या हंड्यात लांबून पाणी ओतून पाठ फिरवणारे होते. मजुरीच्या वेळी पाठ फिरवणारे होते. पण माझ्याकडे काहीतरी आहे आणि ते माझंच राहावं म्हणून कुणी पाठ फिरवली, असं आजवर झालेलं नव्हतं. ठेच लागावी तसं झालं, पण बोटाला नाही, आत कुठेतरी. मी म्हटलं, "अगं वळ बाई, मले भेव वाटतं." ती भिंतीशीच हसली. वळली मात्र नाही.

तिघं आहेत ती. आमची प्रज्ञा, सावद्याचा समाधान आणि पिंपळनेरची दिपमाला. तिघंही जळगावात कॉम्प्युटरचं शिकतात, आणि रविवारी आमच्या पिंप्राळ्याच्या घरी जमतात, कारण दिपमालाच्या होस्टेलात मुलगा चालत नाही आणि समाधानच्या खोलीत पंखा चालत नाही. त्यांना पैसे पाठवायचं ॲप करायचं होतं, पण आपल्या रोजच्या पैशाचं नाही, त्या क्रिप्टोचं. मी विचारलं, हा पैसा असतो कुठे? समाधान म्हणाला, "आजी, कुठेच नसतो आणि सगळीकडे असतो." मी म्हटलं, "म्हणजे माझ्या गोष्टीतल्या सोन्याच्या म्हशीसारखा. ती बी कुठे बांधलेली नसते." तर तो म्हणाला, "तशीच म्हैस समजा. फक्त ती कुणाची आहे हे जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांत एकसारखं लिहिलेलं असतं. एकट्यादुकट्याला खोडता येत नाही." हजार जणांनी सांगितली आणि एका अक्षरानंही बदलली नाही अशी गोष्ट मी आजवर ऐकलेली नाही. आमच्याकडे तर गल्लीच्या या टोकाला सांगितलेली म्हैस त्या टोकाला जाईपर्यंत दोनदा व्यालेली असते. समाधानचा मेहुणा मस्कतला गवंडीकाम करतो, घरी पैसे धाडताना दर वेळी मधले लोक घास काढतात, तिथून याच्या डोक्यात हा किडा शिरला. आणि पोरांची अट काय, तर अगदी नवख्या माणसाला जमलं पाहिजे. "नवखं म्हणजे किती नवखं?" मी शेंगदाणे ठेवता ठेवता विचारलं. तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. अशी मी निवडून आले.

मला त्यांचं काम बघत बसायला फार आवडायचं. मी वाटायचं सोडून बघायची, मग सविता, माझी सून, आतून म्हणायची, "आई, ठेचा तुमच्या नजरेनं होणार नाही." पण कसं उठणार? एका बटणावर काय लिहायचं म्हणून ती पोरं अख्खी दुपार भांडायची. समाधाननं आधी लिहिलेलं, "व्यवहाराची पुष्टी करा." प्रज्ञा म्हणाली, "पुष्टी म्हणजे काय, विचार आजीला." मी म्हटलं, "म्हशीला सरकी घालतात, ती पुष्टी." दिपमाला इतकी हसली की चहा नाकातून आला. ती म्हणाली, "आजी, हाई बठ्ठं काढी टाकू. नुसतं 'धाडू का?' लिखू." आणि खरंच तसं लिहिलं. एका शब्दापायी तीन माणसं जीव टाकतात, घाम पुसतात, रुसतात, पुन्हा जवळ येतात. माझ्या काळात शब्द फुकट होते. मी बचकेनं उधळले. ही पोरं एकेक शब्द गव्हातल्या खड्यासारखा उचलून उजेडात धरून बघत होती. ॲपचं नाव त्यांनी माझ्याकडूनच उचललं. मी भाजीवाल्याला देताना कंबरेच्या निऱ्यांतून पैसे काढले ते प्रज्ञानं पाहिलं आणि विचारलं, याला काय म्हणतात गं? झालं, ॲपचं नाव कनवट. त्यातले पैसे मात्र खोटे, सरावाचे. खरे घालायचे नाहीत हे तिघांचं ठरलेलं. "जोपर्यंत आजीकडून चुकून काही बुडू शकतं, तोपर्यंत खरा रुपया आत जाणार नाही. कायदा बघायचा, कर बघायचा, घाई नाही," असं प्रज्ञा म्हणाली, आणि मला वाटलं हिला एवढं जपून चालायला कुणी शिकवलं. मी तर नाही.

आता ते बारा शब्द. फोन हरवला, फुटला, नळाखाली पडला, तर नव्या फोनवर हेच बारा शब्द याच क्रमानं भरायचे, की कनवट जशीच्या तशी परत. शब्द ज्याच्याकडे, पैसे त्याचे. बँकेत जाऊन रडायची सोय नाही, कारण बँकच नाही. लोक कागदावर लिहून ठेवतात म्हणे. पण पोरांचं म्हणणं, कागद भिजतो, वाळवी खाते, रद्दीत जातो. ("मी कधी रद्दीत घातलं कुणाचं काही?" सविता आतून.) ज्याला लिहिता येत नाही त्यानं काय करायचं? म्हणून त्यांनी इंग्रजी शब्द काढून घरातले शब्द घातले. दिपमाला महिनाभर शब्द गोळा करत फिरली, दोन शब्द सारखे वाटता कामा नयेत म्हणून. आणि प्रज्ञा मला म्हणाली, "तू त्यांची एक गोष्ट कर आजी. गोष्ट केली की क्रम हलत नाही. तुला तर येतंच." धुळ्याला एका कॉलेजात मोठी स्पर्धा होती. तिथे स्टेजवर, सगळ्यांसमोर, मी जुना फोन बाजूला ठेवायचा, कोऱ्या फोनवर बारा शब्द भरायचे आणि कनवट उघडून दाखवायची. उघडली तर नवख्या माणसाला जमतं हे सिद्ध. नाही उघडली तर तीन पोरांचं वर्ष पाण्यात. हे कुणी मला असं तोंडावर सांगितलं नाही. पण मला डोळे आहेत. समाधान नखं खायचा.

गोष्ट मी तिथेच, शेंगा सोलता सोलता केली. एका जावयाला सासूनं केळं दिलं. केळं एवढं मोठं की सोललं तर आत उंदीर पलंग टाकून झोपलेला. तेवढ्यात वीज पडली ती नेमकी उंदराच्या मिशीवर. मिशी जळालेला उंदीर लाजेनं गाव सोडून मास्तर झाला आणि पाटी घेऊन बसला. पाटीवर त्यानं घागर काढली, ती इतकी खरी की तिच्यातून बोकड निघाला. बोकड लागला एस्टीत कंडक्टर. टोपी घातली, शिट्टी मारली, आणि गाडी सुटली ती थेट तुपात. जावई, केळं, उंदीर, पलंग, वीज, मिशी, पाटी, घागर, बोकड, टोपी, शिट्टी, तूप. सरावाला मी चार-पाच वेळा कनवट उघडून दाखवली. दर वेळी पोरं पाठ फिरवून उभी राहायची आणि फोन टिंग वाजला की एकदम वळून टाळ्या वाजवायची. लहान बाळ पहिल्यांदा उभं राहिल्यावर वाजवतात तशा. मला मजा वाटायची, आणि त्या मजेखाली थोडी थंडीही वाजायची.

कारण मला गुपित ठेवायची सवयच नाही. लोकांना कपाट असतं, पेटी असते, पेटीला कुलूप असतं. आमच्या यावलच्या खोलीला दार होतं पण कडी नव्हती, आणि कडी लावून ठेवावं असं आत काही नव्हतं. जे होतं ते तोंडात होतं. आम्ही बाया पहाटे केळीच्या बागेत कामाला निघायचो. वाट लांब, पायात काटे, पुढे दिवसभर घड वाहायचे. मी पुढे चालत खोटं सांगायची. सातपुड्यातून वाघ आला आणि माझ्याशी लुगड्याच्या भावावरून भांडला, असलं. बाया हसत हसत बागेत पोचायच्या, वाट संपल्याचं कळायचं नाही. एखादी म्हणायची, लिलाबाई नसली तर बाग दोन कोस लांब सरकते. विहारात दर रविवारी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीला, माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. बाजूच्या बाया कोपर मारायच्या. माझा नवरा यादव एस्टीच्या डेपोत होता, अंगाला कायम ऑइलचा वास. त्याला माझं खोटं बरोबर कळायचं. तो तोंडाकडे बघायचाच नाही, पायाकडे बघायचा. खोटं बोलताना माझा अंगठा हलतो म्हणे. मी पाय पदराखाली घेतला की तो म्हणायचा, "झालं, आता तर बठ्ठंच खोटं." तो गेल्यावर माझ्या पायाकडे बघणारं कुणी राहिलं नाही. सविता आहे, पण ती बघत नाही. ती ऐकतच नाही. मी सुरू केलं की ती कुकर लावते.

तर अशा बाईच्या पोटात पोरांनी बारा शब्द ठेवले आणि वर झाकण ठेवलं. भाजी निवडताना ते वर यायचे. विहारात वंदना चालली असताना मध्येच बोकड यायचा. रस्त्यानं जाताना वाटायचं, या सगळ्या माणसांत हे फक्त मला माहीत आहे, आणि एकदम आपण रिकाम्या स्टँडवर एकटंच बसलोय असं व्हायचं. लोकांना गुपितानं मोठं झाल्यासारखं वाटत असेल, मला लहान झाल्यासारखं वाटत होतं. गोष्ट म्हणजे काय असतं, ती दुसऱ्याच्या तोंडावर दिसली की झाली. माझी ही गोष्ट कुणाच्याच तोंडावर दिसत नव्हती. तशीच आत पडून होती, भाकर तव्यावर टाकून उलटूच नये तशी. एक दिवस कुंदाबाई आली, समोरच्या घरची, दळण घेऊन. तिचा गुडघा दुखत होता, मन उदास होतं, मुलाचा फोन नव्हता. अशा माणसाला काय देणार? मी तिला जावयाची गोष्ट सांगितली. शब्द नाही सांगितले, गोष्ट सांगितली. हे मी स्वतःला त्या दिवसापासून पुष्कळदा सांगितलंय. कुंदाबाई हसली, उंदराच्या मिशीला तर डोळे पुसले, पण बोकडाशी येऊन अडली. "काय बी सांगते. कंडक्टर टोपी कुठे घालतो आता?" मी म्हटलं, "बोकड कंडक्टर झाला ते चाललं तुले, आणि टोपी नाही चालत?" "टोपी नाही चालत," ती म्हणाली, आणि दळण उचलून गेली. पोटातलं ओझं उतरलं होतं. त्या दिवशी मी जास्तीची अर्धी भाकर खाल्ली.

धुळ्याला जायला राजदीपनं, माझ्या मुलानं, मित्राची गाडी मिळवली. कुंदाबाईची बहीण धुळ्याला, म्हणून तीही चढली. एरंडोल मागे पडलं, उन्हं वर आली, पोरं मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन कुजबुजत होती आणि मी खिडकीला डोकं टेकून गोष्ट मनात घोळवत होते. तिथे, पारोळ्याच्या अलीकडे कुठेतरी, मला ती टोपी खटकली. कुंदाबाईचं म्हणणं खरंच होतं. बोकड टोपी घालतो, शिट्टी मारतो, यात काय गंमत? त्यापेक्षा बोकडानं शिट्टी अशी जोरात मारली पाहिजे की टोपी उडून गेली पाहिजे. टोपी उडाली की हसू येतंच. मी मनात दोनदा तशी सांगून पाहिली. गोष्ट एकदम जागेवर बसली, खुट्टा ठोकल्यावर खाट बसते तशी. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसले. "काय गं आजी?" प्रज्ञा म्हणाली. "काही नाही," मी म्हटलं. गुपित ठेवायला शिकलेच होते थोडं.

कॉलेजचा हॉल मोठा होता, एसीनं गार, खुर्च्यांवर पोरंच पोरं. माझ्या पदराला चिमट्यानं बारीकसा माईक लावला. मी प्रज्ञाला विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "तू नाव सांगशील ना आजी, तेवढ्यापुरतं." आधी तिघं बोलली. मला सगळं कळलं नाही, पण प्रज्ञाची मान कळली. एवढी ताठ मान आमच्या घरात कुणाची नव्हती. समाधान सावद्यासारखंच बोलत होता, धुळ्यात येऊन भाषा बदलली नव्हती त्यानं. दिपमालानं अहिराणीत एक वाक्य टाकलं आणि मागची पोरं ओरडली. मग माझी पाळी. मी नाव सांगितलं, जुना फोन टेबलावर ठेवला, कोरा घेतला. मागच्या मोठ्या पडद्यावर शब्दांच्या जागी नुसते ठिपके दिसत होते, आणि पोरं रीतीप्रमाणे माझ्याकडे पाठ फिरवून उभी राहिली, हॉलकडे तोंड करून. मी सुरू केलं. शब्द शोधायचा, दाबायचा. जावई, मी म्हटलं. हळूच म्हटलं, तोंडातल्या तोंडात, कारण मनातल्या मनात मला गोष्ट येत नाही, ओठ हलावेच लागतात. केळं सोललं तर आत उंदीर. समोर कुणीतरी हसलं. मला वाटलं, आपल्या लुगड्याला हसले असतील. वीज पडली ती नेमकी मिशीवर. आता बरेच जण हसले. बोकड आला, मी शिट्टी दाबली, टोपी उडवली, गाडी तुपात घातली आणि खालचं मोठं बटण दाबलं.

टिंग वाजलं नाही. "शब्द जुळले नाहीत," असं लाल अक्षरात आलं. मी पुन्हा भरले, सगळेच्या सगळे. पुन्हा लाल. हॉल शांत झाला आणि ती शांतता मला एकदम ओळखीची वाटली. डॉक्टरनं तपासून झाल्यावर बोलायच्या आधी असते ती. मी विसरले होते. वय झालं, सगळ्यांचं होतं तसं माझंही डोकं झिजलं, आणि ते नेमकं इथे, या पोरांच्या पुढ्यात दिसलं. पण गोष्ट तर मला लख्ख दिसत होती. टोपी उडताना दिसत होती. एवढं स्वच्छ दिसतं त्याला विसरणं म्हणतात का? की मी ती सुधारली होती? पारोळ्याच्या अलीकडे काहीतरी झालं होतं खरं, पण काय, ते हाताला लागेना, कारण मला सुधारलेलीच आठवत होती, आधीची नव्हतीच. आणि मग त्या गार हॉलात पायाखालची फरशी निसटल्यासारखं झालं. जन्मभर जे जे सांगितलं, त्यातलं किती आधीचं आणि किती सुधारलेलं? वाघ सोडा. यादव पायाकडे बघायचा, ते खरं की मीच कधी बसवून घेतलं? विहिरीवरचं ते पाणी? माझ्याकडे आधीची प्रत कुठे आहे? हजार कॉम्प्युटर माझ्यासाठी कुणी लावून ठेवले होते?

"टोपी आधी गं!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. कुंदाबाई उभी होती, एक हात गुडघ्यावर. "टोपी आधी होती, मंग शिट्टी! तुले मी म्हटलं नाही का, कंडक्टर कुठे टोपी घालतो म्हणून?" मी यंत्रासारखी टोपी आधी घातली, शिट्टी मग मारली. टिंग. मागच्या पडद्यावर कनवट उघडली, हिरवीगार, आत ते खोटे पैसे. हॉल फुटला. समोरची पोरं खुर्च्या बडवायला लागली. कुंदाबाईनं सगळ्यांना हात जोडले. आणि मी वळून पाहिलं तर आमची तिघं हसत नव्हती. तेव्हा पदराकडे लक्ष गेलं. तो माईक. बंदच झाला नव्हता.

परीक्षकांत एक जाड चष्म्याचे साहेब होते. तेही हसून डोळे पुसत होते. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "वा. म्हणजे मालक अडला तर विश्वासातल्या माणसांच्या मदतीनं खातं परत मिळतं, अशी सोय दाखवलीत तुम्ही. आणि काय नाटक बसवलंय! मुद्दामच होतं ना हे?" मला तर बुडत्याला हात मिळाला. एवढं सोपं. नुसतं हो म्हणायचं. जन्मभर मी याहून लहान दोरीवरून याहून मोठ्या नद्या ओलांडल्यात. मी प्रज्ञाच्या कमरेत कोपर मारलं आणि म्हटलं, "हो म्हण. हो म्हण ना गं पोरी." हेही माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

प्रज्ञानं आधी हात लांबवून माझ्या पदरावरचा माईकचा चिमटा सोडवला. हळू, मला टोचणार नाही असा. मग म्हणाली, "नाही सर. बसवलेलं नव्हतं. हे व्हायलाच नको होतं. जे शब्द फक्त आजीला माहीत हवेत ते शेजारच्या काकूंनाही माहीत आहेत, आणि आता या हॉललाही. म्हणजे कुलूप उघडंच होतं. खरे पैसे असते तर आजीचे गेले असते." मग तिनं तो चिमटा टेबलावर ठेवला. "चूक आजीची नाही. आम्ही तिला गोष्ट करायला सांगितली आणि वर म्हटलं, ती कुणाला सांगू नकोस. असं कुणाला जमतं? आम्ही चुकीचं बांधलं."

हॉलातलं हसू ओसरलं. मी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की खरं बोलणं म्हणजे कोरडं काम, त्यात काही करामत नाही, ज्याला गोष्ट येत नाही तो खरं बोलतो. पण एवढ्या माणसांसमोर, एवढ्या जवळून, हातातली सुटका खाली ठेवून कुणी खरं बोलताना मी पाहिलंच नव्हतं. माझ्या कुठल्याही वाघापेक्षा ते थरारक होतं. माझ्याच रक्ताची पोरगी ही. कुठून आली?

बक्षीस मिळालं नाही. परतताना कुंदाबाई बहिणीकडे राहिली. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. तोंड होतं, पण काय सांगणार? पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा समाधाननं एकदम नख खायचं सोडलं आणि म्हणाला, "पण यार, ते साहेब बोलले ते खोटं होतं, तर खरं करून टाकू ना." दिपमालानं बशी खाली ठेवली. "आजीना पोटमा गोष्ट ऱ्हात नई. मंग तिले ठेवायला कशाला सांगायचं?" प्रज्ञानं वही नाही, फोन नाही, सरळ टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून तीन टिंबं काढली. "तीन माणसं. तिघांकडे किल्लीचा एकेक तुकडा. एकट्याचा तुकडा कुणी गावभर सांगितला तरी काही उघडत नाही. दोघांनी हो म्हटलं तरच उघडणार." "म्हणजे कुंदाबाई चालेल?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "कुंदाकाकू पळेल," समाधान म्हणाला, "ओरडत ओरडत पळेल." आणि तिघं हसली, सकाळपासून पहिल्यांदा. माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं. त्यांनी माझा दोष उचलला होता, उलटसुलट करून पाहिला होता, आणि घराला खांब लावावा तसा त्यांच्या कामात उभा करून टाकला होता. मला रडू आलं. मी चहा कडू आहे म्हणाले.

पुढे त्यांनी ते सगळं नव्यानं बांधलं. परीक्षा आली, गेली, रविवारी चपलांचा ढीग दाराशी पुन्हा पडायला लागला. एक दिवस प्रज्ञा म्हणाली, "आजी, तुझी तीन माणसं सांग." कुंदाबाई एक. प्रज्ञा दोन. तिसरं नाव सांगायला मी वेळ लावला. राजदीप ड्यूटीवर फोन उचलत नाही. यादवचं नाव तोंडाशी आलं, आणि ॲपला जिवंत माणूस लागतो एवढं मलाही कळतं. पोळ्या लाटायचा आवाज येत होता. मी म्हटलं, "सविता." लाटणं थांबलं. "मी कशाला?" ती आतून म्हणाली. "तुमच्या एका गोष्टीवर माझा विश्वास नाही."

"असंच माणूस पाहिजे," समाधान पुटपुटला.

मग त्यांनी चाचणी घेतली. मी कुंदाबाईच्या घरी जाऊन बसायचं, फोन हरवलाय असं समजायचं, आणि कोऱ्या फोनवरून कनवट मागायची. ज्याच्याकडे तुकडा असेल त्याच्या फोनवर येतं, "लिलाबाई परत मागताहेत. खरंच त्याच का? बोलून खात्री करा, मगच दाबा." कुंदाबाईनं न बोलता, न वाचता दाबलं, मी तिच्या शेजारीच बसले होते. प्रज्ञानं मुद्दाम दाबायचं नाही असं ठरलेलं. उरली सविता. सगळं तिच्यावर. तिचा फोन कुंदाबाईच्या फोनवर आला. उघडली नाही तर पोरांनी पुन्हा काय करायचं? आणि आवाज तर काय, आजकाल कुणीही कुणाचाही काढतं म्हणे. मागे कुकरची वाफ ऐकू येत होती.

"कोण बोलतंय?" सविता म्हणाली. पोलिसासारखी.

"मी बोलतेय. लिलाबाई."

"असं कुणी बी म्हणेल. फोन कुठे गेला तुमचा?"

आता हिला खरं काय सांगणार, फोन तर माझ्या पिशवीतच होता. मी म्हटलं, "अगं काय सांगू सविता, सावद्याच्या स्टँडवर सातपुड्यातून एक माकड आलेलं, रीतसर तिकीट काढून. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि पाहुण्यांना फोन करायला त्याच्याकडे..."

टिंग. माझ्या हातातली कनवट उघडली होती.

"याच आहेत," सविता तिकडे कुणाला तरी सांगत होती, आणि मागे तिन्ही पोरांचा एकच ओरडा. "दुसरं कुणी असूच शकत नाही." मग फोन ठेवला तिनं. धाडकन. मी कोऱ्या फोनकडे बघत बसले, कुंदाबाई माझ्या तोंडाकडे बघत बसली. शेवटी तिला राहवेना.

"मंग? लग्नाचं काय झालं?"